दोनदा बंद पडलेलं 'राजवस्त्र'

चालतं नाटक बंद का पडलं, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड असतं. प्रेक्षक येईनासे झाले असतील, असं तो धरूनच चालतो. आमच्या 'संगीत राजवस्त्र'चे प्रेक्षक कधीच कमी झाले नव्हते. सोलापुरात फलक लागला की दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगा गेलेल्या असत. तरीही ते नाटक दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा मी आत होतो, म्हणून सांगू शकतो.

आत म्हणजे विंगेत. मी प्रॉम्प्टर. शाळेत मराठी शिकवायचो, आणि प्रयोग असेल तेव्हा रंगमंचाच्या उजव्या कडेला, पडद्याच्या आडोशाला, नाटकाचं पुस्तक हातात धरून उभा राहायचो. नट वाक्य विसरला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा, एवढंच काम. पण नट थांबला म्हणजे तो विसरलाच असं नसतं. पात्र विचार करतंय म्हणून थांबलेल्या नटाचा श्वास खाली, पोटात असतो. विसरलेल्या नटाचा श्वास वर चढतो आणि गळ्याशी अडकून राहतो. हा फरक लांबून, अर्धवट उजेडात, पाठमोऱ्या माणसातही दिसायला लागला की प्रॉम्प्टर तयार झाला. विरामात शब्द पुरवला तर नट मध्यंतरात शिव्या घालतो. विसरल्यावर पुरवला नाही तर प्रयोग संपल्यावर घालतो. शाबासकी कधीच मिळत नाही, कारण काम नीट झालं असेल तर ते झालेलं कुणाला कळत नाही. मला हे आवडायचं. मुळात माझा स्वभाव पुस्तकात तोंड घालून बसण्याचा.

सोलापुरात या कामाला एक जास्तीची अडचण आहे. आमच्या प्रेक्षकांत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवणारे पुष्कळ. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहिलेले कान; त्यांना नाजूक बोललेलं पोचत नाही. बाहेरगावचे पाहुणे नट आले की पहिल्याच प्रवेशात मागून "आवाऽऽज!" अशी हाक यायची. मग नट मोठ्यानं बोलणार, म्हणून मीही जरा मोठ्यानं सांगणार, आणि ते पुढच्या रांगांना ऐकू जाणार. एकदा राजाचं काम करणारे गृहस्थ भर दरबारात अडकले. मी "प्रधानजी" म्हणालो. पुन्हा म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या रांगेत बसलेल्या चादर कारखान्यातल्या एका कामगाराला आलं. तो उभा राहून म्हणाला, "ओ राजे, प्रधानाला हाक मारा की! सर कवापासनं सांगायलेत!" नाट्यगृह हसलं, राजे हसले, आणि हसता हसता त्यांना वाक्य आठवलं. मला मात्र तेव्हा पहिल्यांदाच टाळी मिळाली, आणि ती मी विंगेत उभा राहूनच घेतली.

'राजवस्त्र'ची गोष्ट साधी आहे. राजाला अभिषेकासाठी वस्त्र हवं असतं. ते विणायचं काम चंद्रा नावाच्या विणकराच्या मुलीकडं येतं, आणि त्याच राजानं तिच्या नवऱ्याला कैदेत टाकलेलं असतं. विणायचं की नाही, यावर सगळं नाटक. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मागावरचा धागा तुटतो आणि चंद्रा 'तुटला गं धागा' हे पद गाते. विणकरांच्या गावात हे नाटक चालणारच होतं. पण ते गाजलं चालींमुळं, आणि चाली सगळ्या माझ्या बायकोच्या, सुमनच्या.

सुमन ऑर्गन वाजवायची. पायानं भाता मारायचा आणि हातानं सूर धरायचे, असं ते वाद्य. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात, प्रेक्षकांच्या पुढ्यात ती बसायची. मी उजव्या विंगेत. मधे सगळं नाटक. आयुष्याचा बराच भाग आम्ही एकमेकांना असं चंद्रा, राजा आणि प्रधान यांच्या मधल्या फटीतून पाहिलं. त्यातूनच आमची एक पद्धत बसली होती. पदाच्या आधीच्या संवादात नट अडकला, आणि मी दोनदा सांगूनही त्याला उचलता आलं नाही, तर मी बोट वर करायचो. त्या क्षणी सुमन पदाची सुरावट सुरू करायची. नट संवाद सोडून थेट पदात शिरायचा. प्रेक्षकांना वाटायचं, पात्राला भावना अनावर झाली. समीक्षकांनी एकदा आमच्या नाटकातल्या 'संवादातून गाण्यात सहज होणाऱ्या संक्रमणा'ची तारीफ केली होती. सुमननं ते कात्रण वाचून मला विचारलं, "यातली निम्मी संक्रमणं तुमच्या बोटाची आहेत, हे कळवू का त्यांना?"

तिची एक गोष्ट सांगतो. श्रीपूरला साखर कारखान्याच्या आवारात प्रयोग होता. गळीत हंगाम चालू, सगळीकडं मळीचा गोड आंबूस वास, मैदानाच्या कडेनं उसाच्या बैलगाड्या उभ्या. चंद्राचं काम करणाऱ्या वासंतीबाई 'तुटला गं धागा' गात होत्या. ऐन वरच्या सुरावर गेल्या आणि कारखान्याचा पाळी बदलायचा भोंगा झाला. आता इतका मोठा भोंगा वाजल्यावर दुसरी वाजवणारी थांबली असती. सुमननं मान किंचित तिरकी करून भोंगा ऐकला आणि ऑर्गनचा सूर सरकवत सरकवत त्याला नेऊन भिडवला. वासंतीबाईंनी तो धरला. भोंगा, ऑर्गन आणि बाईंचा गळा, तिन्ही एकाच सुरात, भोंगा थांबेपर्यंत. मग सुमन त्यांना तशीच अलगद मूळ पट्टीवर घेऊन आली. मैदानातून "वन्स मोअर" उठला. एक ऊसतोड करणारी बाई गाडीवरून ओरडली, "अन् भोंगा बी परत वाजवा!"

सुमन गेली ती आजारानं, सावकाश. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. एवढंच की शेवटी शेवटी बोलायचं बंद झाल्यावरही चादरीवर तिची बोटं हलायची, आणि मी ती बघून कुठलं पद चाललंय ते ओळखायचो.

हे 'राजवस्त्र'चं पहिलं बंद पडणं. आमचे निर्माते अण्णा, त्यांचा एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना. नाटक ही त्यांची हौस, पण व्यवसायासारखी शिस्तीत केलेली. त्यांनी बाहेरगावचे चांगले वादक आणून पाहिले. सगळे कसबी लोक होते. पण ते दुपारी यायचे, चाली ऐकायचे, प्रयोग वाजवायचे आणि गाडी पकडायचे. त्यांना पदं वाजवता यायची, प्रयोग वाजवता येत नव्हता. वासंतीबाई कुठं दम घेतात, राजा कुठल्या वाक्यावर गडबडतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? पदं सुरात यायची आणि नाटक लंगडत चालायचं. मीही पुस्तक अण्णांच्या हातात दिलं आणि घरी बसलो. समोरच्या कोपऱ्यात वेगळा चेहरा बघून उभं राहणं मला जमत नव्हतं.

इथं माझं काय पणाला लागलं होतं, ते स्पष्ट सांगतो. सुमननं उभ्या आयुष्यात केलेल्या चाली त्या एकाच नाटकात होत्या. त्या दुसरीकडं कुठं गायल्या जात नव्हत्या. 'राजवस्त्र' थांबलं की त्या थांबल्या. आणि तरी ते उभं करायला मीच जात नव्हतो.

वर्षश्राद्ध झाल्यावर अण्णा घरी आले. बसले, पाणी प्यायले, आणि खिशातून मोबाइल काढून माझ्या कानाला लावला. त्यात सुमन वाजवत होती.

"बाईंचंच हाय," अण्णा म्हणाले. "मागं एका खेळाला मी हौसेनं सगळं रेकॉर्ड करून ठिवलं होतं बघा. ऑर्गनफुडं वेगळा माइक लावून. आता एका पोरानं सगळं साफ करून दिलंय. पदं वेगवेगळी काढलीत. दुसरा वादक कशाला पायजे ओ सर? बाईच वाजवतील की."

मी मोबाइल कानाला तसाच धरून राहिलो. अण्णांनाच राहवलं नाही. "तुमाला नको वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या. मी निस्तं विचारलं."

"नको वाटत नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं वाटत. त्या क्षणी मला तो जगातला सगळ्यात हुशार विचार वाटला होता. आम्ही नाटकवाली माणसं, आम्हाला तरी कळायला हवं होतं.

रविवारी दुपारचा खेळ लागला. फलकावर 'राजवस्त्र' पुन्हा दिसल्यावर नाट्यगृह भरलं. डाव्या कोपऱ्यात ऑर्गन ठेवला होता, त्याला हार घातला होता, आणि त्याच्यापुढं कुणी नव्हतं. शेजारी तबल्यावर आमचे जुने इस्माईलचाचा. मी उजव्या विंगेत पुस्तक घेऊन. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली आणि कर्ण्यांतून सुमनचा हात आला. पहिल्या रांगांत डोळ्यांना पदर लागले. माझंही तेच झालं. पहिला अंक त्या भरात निघून गेला.

गडबड दुसऱ्या अंकात सुरू झाली. ज्या प्रयोगाचं ते ध्वनिमुद्रण होतं, त्या दिवशी वासंतीबाईंना सर्दी झालेली होती. एका पदात त्यांना खोकला आला होता, आणि सुमन त्यांच्यासाठी थांबली होती, एकच सूर धरून. आज वासंतीबाई ठणठणीत होत्या. त्या पुढं गेल्या, आणि सुमन मागं थांबून राहिली. कुणाची तरी वाट बघत. त्या थांबण्याचा अर्थ सगळ्या नाट्यगृहात मला एकट्याला कळला असेल. मी पुस्तकात बघत राहिलो.

इस्माईलचाचा तबल्यावरून दोघींना सांधू बघत होते. पद संपल्यावर ते विंगेकडं वळून हळूच म्हणाले, "सर, हातां बाई के हैं, आंखां नैं."

मग आलं 'तुटला गं धागा'. वासंतीबाई जीव तोडून गायल्या. पद संपलं आणि अपेक्षेप्रमाणं चारी बाजूंनी उठला, "वन्स मोअर!"

आता हे वन्स मोअर प्रकरण संगीत नाटक न पाहिलेल्यांसाठी सांगायला हवं. पद आवडलं की प्रेक्षक ते पुन्हा म्हणायला लावतात. गोष्ट तिथंच थांबते. मेलेलं पात्रसुद्धा जागा बदलून श्वास घेतं. नट नमस्कार करतो, वादक सुरावट धरतो, आणि पद पुन्हा होतं. ते जसंच्या तसं नसतं. कुठून उचलायचं, किती फुलवायचं, हे गाणारा आणि वाजवणारा तिथल्या तिथं नजरेनं ठरवतात. प्रेक्षकांचं हे हक्काचं देणं आहे. आमच्याकडं तर ते न देणं म्हणजे लग्नाला बोलावून जेवायला न वाढणं.

आवाज सोडणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे ते आम्हा कुणालाच आधी सुचलं नव्हतं. तो बिचारा बटणं दाबत राहिला. वासंतीबाई हात जोडून ऑर्गनकडं बघतायत, ऑर्गन हार घालून गप्प, आणि कर्ण्यातून एकदम तुतारीसारखे सूर निघाले. ते राजाच्या प्रवेशाचं संगीत होतं. राजा विंगेत पान खात बसला होता. संगीत वाजल्यावर यायचं एवढं त्याला ठाऊक. तो तरातरा आत आला, रडणाऱ्या चंद्रापाशी थांबला, आणि तोंडात पान असल्यामुळं त्याला काहीच बोलता येईना. मागून कुणीतरी म्हणालं, "राजे, थुकून या!" सगळं नाट्यगृह हसलं. त्या पदाला आजवर कुणी हसलं नव्हतं.

पडदा पाडावा लागला. मेकअपच्या खोलीत वासंतीबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. अण्णा दारात उभे होते. "सर, बास झालं," ते म्हणाले. "बाईंचं हसं करून घेतलं आपण. सेट, कपडे, सगळं एका शाळेच्या गॅदरिंगला दिऊन टाकतो. ह्यापुढं 'राजवस्त्र' न्हाय."

हे दुसरं बंद पडणं. आणि हे पक्कं होतं.

तेवढ्यात अण्णांच्या खांद्यावरून एक बाई आत डोकावली. चाळिशीची, ठसठशीत कुंकू, हातात प्रवासाची पिशवी. कुणालाही न विचारता आत आली आणि सरळ माझ्यापुढं उभी राहिली.

"बाईंना त्या डब्यात कोंडलंय का ओ सर तुमी?"

मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं. ती दुधनीची रेणुका. लग्नाआधी सोलापुरात आत्याकडं राहायची तेव्हा सुमनकडं पेटी शिकायला यायची. आता दुधनीत नवऱ्याबरोबर धान्याचं दुकान चालवते आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडच्या गावांतल्या जत्रांत कानडी नाटकांना पेटी वाजवते. वर्तमानपत्रात जाहिरात बघून सकाळच्या गाडीनं खेळाला आली होती.

"तितं पण वन्स मोअर असतंय की," ती म्हणाली. "आमच्यात तर खलनायकाला पण देत्यात. मला वाजवू द्या. बाईंच्या चाली ठाऊक हायत मला. बाई घरी त्या बसवायच्या तवा मी भाता मारायला असायचे."

अण्णा म्हणाले, "आता कशाला ओ ताई? मिटलं सगळं."

"मिटलंय कुटं? लोकं भायेर उभी हायत अजून. शिव्या घालायलेत, पण उभी हायत."

अण्णांनी खिडकीतून खाली पाहिलं. खरंच उभी होती. ते माझ्याकडं बघायला लागले. आणि वासंतीबाई, ज्या इतका वेळ भिंतीकडं तोंड करून होत्या, त्या वळून म्हणाल्या, "सर, हो म्हणा. मला एकदा ते पद नीट म्हणू दे. त्याचं हसं झालेलं तसंच सोडून नाही मी थांबणार." मी हो म्हणालो, आणि अण्णांनी एका प्रयोगाची मुदत दिली. तो जमला नाही तर सामान शाळेत जाणार.

तालमी अण्णांच्या कारखान्यात, मागांच्या सुट्टीच्या दिवशी. गोदामात टॉवेलांच्या गठ्ठ्यांमधे ऑर्गन मांडला. रेणुका दुधनीहून कडक भाकरीचा डबा बांधून यायची, चपला काढून ऑर्गनला हात लावून नमस्कार करायची आणि बसायची. चाली तिला खरंच ठाऊक होत्या. पण ती त्या स्वतःच्या वळणानं वाजवायची. सुमन जिथं सूर सोडून द्यायची, तिथं ही कानडी नाटकाच्या ढंगानं एक गिरकी घ्यायची. दोन तालमी मी ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणालो, "बाई असं वाजवत नव्हत्या."

तिनं हात थांबवले. "व्हय सर. बाई न्हाईत, मी हाय."

इस्माईलचाचांनी उगाचच तबल्याची वादी ओढायला घेतली.

"रागावू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "पण बाईंनी मला वाजवलेलं परत वाजवायला कवाच शिकवलं न्हाई. पेटीकडं बघितलं की हातावर मारायच्या. म्हनायच्या, गळ्याकडं बघ, गळा काय मागतोय ते दे. आता वासंतीताईंचा गळा पयल्यासारखा न्हाय राहिला. जरा जड झालाय. बाई आसत्या तर त्यांनी पण बदललंच असतं की."

वासंतीबाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. "जड झालाय म्हणे! माझ्या तोंडावर!"

"आता गळा तोंडाखालीच आसतोय ताई, कुटं जाऊन सांगू?"

घरी येऊन मोबाइलवरचं ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. त्यात सुमन खोकल्यासाठी थांबली होती, ती त्या दिवशीच्या वासंतीबाईंसाठी. आदल्या प्रयोगाला ती तिथं थांबली नसणार, पुढच्याला थांबली नसणार. माझ्याजवळ होतं ते तिचं एका दुपारचं वाजवणं. तिची रीत रेणुकाजवळ होती. पुढच्या तालमीला मी तिला आमच्या बोटाची पद्धत सांगितली. ती म्हणाली, "म्हंजे तुमचं बोट वर, माझा सूर चालू. सोपं हाय. नवऱ्याचं पण आसंच चालतंय, फकस्त त्याचं बोट चहासाठी."

खेळ पुन्हा रविवारी दुपारी लावला. मागच्या वेळी हसून गेलेले लोक परत आले. निम्मे तरी बघायला आले असतील की या वेळी राजा काय खाऊन येतो. नांदीला रेणुकानं पहिला सूर धरला तेव्हा मी पुस्तकात बघत होतो. मान वर करायला मला पहिला प्रवेश अर्धा व्हावा लागला. वर पाहिलं तर कोपऱ्यातल्या बाईचं ऑर्गनकडं लक्षच नव्हतं. ती वासंतीबाईंच्या गळ्याकडं बघत होती, टक लावून, मागावरच्या धाग्याकडं बघावं तशी. मला एकदम हलकं वाटलं.

पहिल्या अंकात मी एकदा बोट वर केलं. प्रधान अडकला होता. सूर आला, प्रधान पदात शिरला, टाळी पडली. नाटक धावायला लागलं. विंगेतल्या माणसाला हे पायांखाली कळतं. फळ्यांचा आवाज बदलतो, नटांची पावलं हलकी पडतात.

मग 'तुटला गं धागा'. त्या दिवशी ते पद कसं झालं, हे मला लिहिता येणार नाही. मी सुमनच्या हातून ते असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि त्या दिवशी नव्यानं ऐकलं. वासंतीबाईंचा जड झालेला गळा रेणुकानं खालच्या सुरात उतरवून घेतला, आणि त्यात असं काही दुःख उतरलं की मागच्या रांगांतले मोठ्या आवाजाचे लोकसुद्धा गप्प झाले. वन्स मोअर आला. दिला. पुन्हा आला. तोही दिला, आणि दरवेळी ती गिरकी वेगळी.

प्रॉम्प्टरचा पहिला नियम असा: वन्स मोअर चालू असताना पुढच्या वाक्यावर बोट ठेवून उभं राहायचं. कारण नट एकदा गोष्टीबाहेर आला की परत शिरताना हमखास अडखळतो. हा नियम मी कित्येक नवख्यांना शिकवला. त्या दिवशी मी पुस्तक मिटून, ते छातीशी धरून ऐकत उभा होतो.

दुसरा वन्स मोअर संपला, टाळ्या शांत झाल्या. वासंतीबाई मागाकडं वळल्या, तोंड उघडलं, आणि त्यांचा श्वास वर चढला. चढून तिथंच राहिला. त्यांनी विंगेकडं पाहिलं. मी पुस्तक उघडलं. भलतंच पान. उलटलं, आणखी भलतं. त्या वाक्याशी मी आयुष्य काढलं होतं आणि एक अक्षर आठवेना. समोरच्या कोपऱ्यात पाहिलं तर रेणुका माझ्याकडंच बघत होती. मी बोटही वर केलं नव्हतं, दोन्ही हात पानांत अडकले होते.

तिनं माझ्याकडं बघून एक भुवई उडवली आणि पदाची सुरावट पुन्हा सुरू केली.

कुणीही न मागितलेला तिसरा वन्स मोअर. वासंतीबाई क्षणभर चकित झाल्या आणि हसू दाबून पदात शिरल्या. प्रेक्षकांना वाटलं, कलाकारांना चेव आला! एमआयडीसीवाल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. इस्माईलचाचांनी तो तबल्यावर उचलला, आणि ते रडवणारं पद शेवटी शेवटी एखाद्या विजयगीतासारखं झालं. तेवढ्या वेळात मला पान सापडलं. पद संपताच मी शब्द सांगितला, चांगला खणखणीत. दुसऱ्या रांगेपर्यंत गेला असेल. जाऊ दे.

शेवटचा पडदा पडला तरी लोक उठेनात. अण्णा शर्टाच्या बाह्या वर केलेल्या तशाच ठेवून पडद्यापुढं गेले. त्यांना भाषण येत नाही. ते म्हणाले, "मागल्या खेळाला आमचं चुकलं. 'राजवस्त्र' चालू हाय. पुढला खेळ पुढल्या म्हयन्यात. बसायला आधी या." एवढं बोलून परत आले आणि विंगेत मला मिठी मारली. अण्णांनी माझ्याशी कधी हातही मिळवला नव्हता.

मेकअपच्या खोलीत रेणुका भाकरीचा डबा उघडून बसली होती. मला बघून म्हणाली, "सर, पुस्तक कुटल्या पानावर ऱ्हायलं ते मी सांगू का?" वासंतीबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर आलं. मीही हसलो. सुमन गेल्यावर मी मोठ्यानं हसलो तो बहुधा तेव्हाच.

नाटक चालू आहे. पंचवीस जण एका गाडीत मावत नाहीत म्हणून भांडणं होतात, राजाला पान खायला बंदी आहे, आणि इस्माईलचाचा दर प्रयोगाला हा माझा शेवटचा म्हणतात. दिवाळीनंतर दुधनीला प्रयोग लागला आहे. तिथले निम्मे प्रेक्षक कानडी, म्हणून रेणुकानं हट्ट धरला की 'तुटला गं धागा'चं एक कडवं कानडीत व्हायलाच हवं. शब्द तिनंच जुळवले. धाग्याला कानडीत 'नूलु' म्हणतात. आमच्या पद्मशाली, म्हणजे घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकर प्रेक्षकांनी सांगितलं की तेलुगूतही तोच शब्द आहे, म्हणजे सोलापुरातही ते कडवं ठेवायला हरकत नाही. सुमनला कानडी येत नव्हतं. तिच्या चालीवर ते शब्द मात्र मापानं शिवल्यासारखे बसले आहेत.

मी ते कडवं देवनागरीत उतरवून पुस्तकात चिकटवलं आहे आणि म्हातारपणी नवी भाषा गिरवतो आहे. वासंतीबाई पहिल्या ओळीतच अडखळतात. मी गोदामातल्या गठ्ठ्याआडून त्यांना शब्द सांगतो, आणि ऑर्गनवरून रेणुका ओरडते, "सर, जोरात! कानडी माणूस दबकत बोलत न्हाई!"

मी जोरात सांगतो.